अबू हानींची सही

वसुधाला हे ठाऊक नाही. ऋतालाही नाही. जिवाभावाचे म्हणावेत असे दोन-तीन मित्र मला होते, त्यांच्यापुढेही माझं तोंड कधी उघडलं नाही. फक्त एका माणसाला ते कळलं होतं, आणि त्यालाही मी सांगितलं नव्हतं. त्याने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. मग तोही गप्प राहिला — माझ्यासाठी.

वसुधा माझी बायको. आत्ता ती पलीकडच्या खोलीत आहे, शेजारच्या मुलीला अक्षांश-रेखांश शिकवते आहे. तिचा आवाज इथवर येतोय. ती कानांवर असताना हे लिहायला बसलोय, यातच माझ्या धिटाईचं माप आलं, नाही का?

कुठून सुरुवात करू? प्रवासापासूनच करतो. कधी न झालेल्या प्रवासापासून.

वसुधा भूगोलाची शिक्षिका. मिरजेच्या शाळेत तिने सहा वर्षं भूगोल शिकवला. आल्प्स हा वली पर्वत, ऱ्होन आणि ऱ्हाईन कुठे उगम पावतात, पो नदीचं खोरं कसं तयार झालं — हे सगळं ती भिंतीवरच्या नकाशावर वेताची छडी फिरवत सांगायची. छडीचं टोक लागून लागून नकाशावरचा आल्प्स पांढरा पडला होता, असं ती हसत म्हणायची. मला कुवेतला नोकरी लागली, मीना अब्दुल्लाच्या बाजूला, तेलाच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून. ती शाळा सोडून माझ्याबरोबर आली. कुरकुर केली नाही. मंगफमध्ये चौथ्या मजल्यावरचं घर, खिडकीतून दिसणारा समुद्र, आणि क्षितिजापर्यंत सपाट जमीन. "टेकडी म्हणून नाही हो इथे," एवढंच एकदा म्हणाली.

नव्वद सालाच्या आदल्या वर्षी आमच्या खालच्या मजल्यावरचं इंग्रज जोडपं देश सोडून गेलं. जाताना त्यांनी जुन्या मासिकांचा एक गठ्ठा दारात ठेवला. ती कॅरव्हॅनची मासिकं होती. कॅरव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं छोटं घर. आत दोन पलंग, शेगडी, बेसिन, खिडकीला पडदे. वसुधाने तो गठ्ठा वर आणला आणि पुढचे आठ महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

तिने वही केली. शाळेत पाठाची टिपणं काढावीत तशी. म्युनिकला विमानातून उतरायचं, तिथे गाडी आणि कॅरव्हॅन भाड्याने घ्यायची. इन्सब्रुक, ब्रेनरची खिंड, मग उतरत उतरत इटली. गार्दाच्या तळ्याकाठी सहा दिवस, कोमोच्या काठी चार. परतताना गोथार्डचा सतरा किलोमीटरचा बोगदा. कॅम्पिंगच्या जागांना तिने आपल्या वळणदार अक्षरात पत्रं लिहिली. गार्दाच्या एका बाईंचं मोडक्यातोडक्या इंग्रजीत उत्तर आलं, की तुम्हाला पाण्याजवळची जागा ठेवते, झाडाखाली. ते पत्र वसुधाने किती वेळा वाचलं असेल? मी मोजलं नाही. पण ते वाचताना तिचा चेहरा कसा व्हायचा, ते मला आजही सांगता येईल.

पोहे, भाजलेला रवा, मेतकूट, गोडा मसाला — सगळ्यासाठी तिने कापडी पिशव्या शिवल्या, प्रत्येकीवर दोऱ्याने नाव. आमची मुलगी ऋता तेव्हा नऊ वर्षांची. आम्ही मराठीत विचारावं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावं, असं आमचं चालायचं. ती आता इटालियन शब्द पाठ करू लागली. जेवताना पाणी मागायचं ते इटालियनमध्ये.

आणि एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, वसुधाने हॉलमधलं सामान भिंतीला लावलं. मासिकातली मापं घेऊन फरशीवर चिकटपट्टीने एक लांबट चौकोन आखला. ही आपली कॅरव्हॅन. आज दिवसभर इथेच राहायचं. मी पाणी प्यायला उठलो तर ऋता ओरडली, "बाबा, दॅट्स अ वॉल!" मला वळसा घालून चिकटपट्टीच्या 'दारातून' जावं लागलं.

त्याच दुपारी अबू हानी आले.

अबू हानी आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. पॅलेस्टिनी. त्यांच्यात बापाला मुलाच्या नावाने हाक मारतात. हानीचे वडील, म्हणून अबू हानी. मला ते अबू रीता म्हणत. 'ऋता' त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नाही. पन्नाशीचे, जाडजूड, मिशा पांढऱ्या झालेल्या. तेवीस वर्षं कुवेतमध्ये. शहराच्या सलवा भागात राहायचे. मासेमारीची छोटी होडी होती त्यांच्याकडे, गाडीच्या मागे ट्रेलरवर घालून समुद्रावर न्यायचे. त्या दिवशी आमच्यासाठी मासे घेऊन आले होते. आम्ही तिघं रिकाम्या हॉलमध्ये चिकटपट्टीच्या आत मांडी घालून बसलेलो. त्यांनी एकदा बघितलं, वसुधाला विचारलं, हे काय? तिने सांगितलं. त्यांनी चौकोनापाशी येऊन हवेत टकटक केली, ऋताने दार उघडल्यासारखं केल्यावर मान खाली घालून — उंच होते ना! — आत शिरले आणि आमच्याबरोबर पोहे खाल्ले. जाईपर्यंत एकदाही रेघेवर पाय दिला नाही.

कॅरव्हॅन ओढायला मला त्यांनीच शिकवलं. चार-पाच शुक्रवार, मंगफच्या मागच्या मोकळ्या माळावर, त्यांच्या होडीचा ट्रेलर जोडून. मागे घेताना स्टीअरिंग उलट्या बाजूला फिरवायचं, हे डोक्यात बसायला मला तीन शुक्रवार लागले. वसुधा आणि ऋता लांब उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या. जमलं मला. सपाट जमिनीवर मला सगळं जमायचं.

आता इथे थांबावंसं वाटतंय. पण नाही थांबत.

लग्नाच्या आधी, चोवीस वर्षांचा असताना, मी एका मित्राची गाडी घेऊन कराडहून चिपळूणला निघालो होतो. एकटाच. कुंभार्ली घाट उतरताना एका वळणावर डावीकडे दरी उघडी पडली आणि माझे हात गोठले. गोठले म्हणजे खरोखरच — स्टीअरिंगवरून बोटं सुटेनात. पाय ब्रेकवर, गाडी रस्त्याच्या मधोमध, मागे ट्रकांचे भोंगे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी एका ट्रकवाल्याने येऊन माझी बोटं एकेक करून सोडवली, मला बाजूला सरकवलं आणि गाडी खाली नेऊन दिली. "होतं असं, साहेब," म्हणाला. त्यानंतर मी घाटात गाडी चालवली नाही. तशी वेळच आली नाही. कुवेत मला आवडलं त्याचं खरं कारण हेच असेल का? तिथे घाट नाही. तिथे मी उत्तम ड्रायव्हर होतो. वसुधा चारचौघांत सांगायची, "यांच्या शेजारी बसलं की डोळा लागतो, इतकी सुरेख चालवतात."

एप्रिलमध्ये गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीचं माहितीपत्रक आलं. इंग्रजीत होतं, मी वसुधाला मोठ्याने वाचून दाखवत होतो. त्यात एक परिच्छेद उताराचा होता. उतारावर कॅरव्हॅन गाडीला मागून ढकलते. ती हेलकावे खाऊ लागली तर घाबरून ब्रेक दाबू नका. सोबत फोटो — रस्ता, वळण, पलीकडे काहीच नाही. तो परिच्छेद मी वगळला आणि पुढचा वाचला. माझ्या तळहातांना घाम आला होता. वसुधा वहीत काहीतरी लिहीत होती, तिला दिसलं नाही.

सांगायला हवं होतं. तेवढंच तर करायचं होतं — वसुधा, मला भीती वाटते. चार शब्द. पण ती माझ्याकडे तसं कधी बघत नव्हती हो. ज्याच्या शेजारी बसलं की डोळा लागतो, असा मी होतो. तो मला टाकवेना.

जुलैच्या एकवीस तारखेपासून चार आठवड्यांची रजा मागायची होती. मी अर्ज दिला. अबू हानींनी चहाचा कप बाजूला ठेवून तिथल्या तिथे सही केली. "जा, डोंगर बघून या," म्हणाले. "या वाळूत राहून डोळे चपटे झालेत आपले." व्हिसा झाले होते. विमानाची जागा ठरली होती. सही झालेला अर्ज माझ्या हातात होता.

तो मी आठवडाभर कपाटात ठेवला. मग अबू हानींकडे गेलो आणि म्हणालो की सासूबाईंची तब्येत ठीक नाही, वसुधाचं मन नाही, यंदा राहू दे. ते हळहळले. सासूबाईंसाठी अल्लाकडे मागणं मागितलं आणि माझ्या अर्जावर 'रद्द' असं लिहिलं. सासूबाई मिरजेत ठणठणीत होत्या.

आणि घरी येऊन मी सांगितलं, "रजा नामंजूर झाली. जुलैत कारखान्याचं मोठं काम निघालंय. अबू हानी नाही म्हणाले."

ऋता रडली. वसुधा रडली नाही. तिने मला पाणी आणून दिलं. मी खूप निराश झालो असेन, असं तिला वाटलं! माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "असू द्या. तळं काही आटत नाही. सप्टेंबरात जाऊ." मग बसून गार्दाच्या त्या बाईंना पत्र लिहिलं, की आम्हाला उशीर होतोय, जागा ठेवा.

दोन ऑगस्टला सकाळी फोनने जाग आली. जवळच्या फाहाहीलहून एक ओळखीचे सांगत होते, की इराकी सैन्य आत आलंय, खिडकीपाशी जाऊ नका. आम्ही गेलोच. समुद्राकडच्या रस्त्यावरून रणगाडे चालले होते, एकामागून एक, जराही घाई नसल्यासारखे. वसुधा ऋताला पोटाशी धरून उभी होती. मग ती हळूच म्हणाली, "आज आपण गार्दाला असतो. चौथा दिवस."

तिला वही पाठ होती.

मी काहीतरी पुटपुटलो. तिने माझा हात धरला. "तुमचा काय दोष?" म्हणाली. "तुम्ही मागितली होतीत रजा."

एखाद्याला मार बसावा तसं ते वाक्य मला बसलं. पण मार बसलेला माणूस निदान ओरडतो.

पुढचे दिवस इतरांनी पुष्कळ सांगितले आहेत, मी ते सांगत नाही. दुकानांतल्या रांगा, बाथटबमध्ये भरून ठेवलेलं पाणी, रस्त्यात अडवून कागद मागणारे कोवळे शिपाई. वसुधाने ज्या पिशव्या शिवल्या होत्या त्यांतले पोहे आणि रवा आम्ही खाल्ले. आणि तिच्या मनात एक राग साचत गेला, मला तो दिसत होता. तो माझ्यावर नव्हता. त्या माणसावर होता, ज्याने सही केली नाही. "एक सही हो," ती म्हणायची. "त्यांचं काय जाणार होतं?" मी ऐकायचो. हूं म्हणायचो.

ऑगस्टच्या मध्यावर अबू हानी आले. पिठाची गोणी आणि पाण्याचे दोन कॅन घेऊन, चार मजले चढून. लिफ्ट बंद होती. दारात उभे राहून धापा टाकत होते. त्यांची बायकामुलं सुट्टीसाठी आधीच अम्मानला गेली होती, आता तेही निघाले होते. गाडी मोठी, आणि ते एकटेच. "परवा पहाटे निघतो," ते म्हणाले. "बगदादवरून अम्मान, तीन दिवस. मला अरबी येते, नाक्यांवर बोलेन मी. अम्मानला माझ्या बहिणीचं घर आहे. तुम्हाला विमान मिळेपर्यंत तिथे राहा. मुलीला घेऊन बसच्या गर्दीत जाऊ नका."

वसुधा पुढे आली. ती कधी कुणाला टाकून बोलणारी नव्हे. त्या दिवशी मात्र ती बोलली. इंग्रजीत म्हणाली, "आता आलात? तेव्हा एक सही केली असतीत तर माझी मुलगी आज इथे नसती. कामापुढे तुम्हाला माणसं दिसली नाहीत."

अबू हानींना कळेना. त्यांनी वसुधाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

किती वेळ पाहिलं असेल? दोन श्वास, तीन. मी त्यांच्या बुटांकडे बघत होतो. त्यावर पिठाची पांढरी धूळ होती. तेवढ्यात त्यांनी सगळं वाचलं असणार — सही, कपाट, सासूबाई, सगळं. मला वाटलं, आता बोलतील. बोलायलाच हवं होतं त्यांनी. मी त्यांच्या जागी असतो तर बोललो असतो. इतकंही मोठं मन माझ्याकडे नाही.

त्यांनी छातीवर हात ठेवला. "बरोबर आहे तुमचं, उम रीता," ते म्हणाले. "चूक माझी. मला माफ करा."

उम रीता. रीताची आई.

मग म्हणाले, "माझ्यावरचा राग मुलीवर काढू नका. गाडीत बसा. वाटेत मी एक शब्द बोलणार नाही."

वसुधाने मान हलवली. नाही. "आम्ही आमच्या माणसांबरोबर बसने जाऊ." त्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. या वेळी त्या नजरेत विनंती होती. एक वाक्य मी बोललो असतो तर तिघंही त्या गाडीत बसलो असतो. ते वाक्य माझ्या तोंडात होतं, आणि मी म्हणालो — "वसुधा म्हणते तसं."

ते जिना उतरले. पीठ आणि पाणी दारातच ठेवून गेले. त्यांना मी पाहिलं ते तेवढंच, पुन्हा भेट नाही.

बस आम्हाला त्यानंतर बारा दिवसांनी मिळाली. बसरा, बगदाद, आणि मग जॉर्डनच्या सरहद्दीवरचे तंबू. वाळूत हजारो माणसं. दिवसा तंबूचं कापड तापून हात लावू देत नसे. अकरा दिवस होतो आम्ही तिथे. चौथ्या दिवशी ऋताला ताप चढला, जुलाब लागले. वसुधा पदराचं टोक ओलं करून तिचे ओठ टिपत राहायची. सातव्या दिवशी ऋता आम्हाला ओळखेना. तिच्या कपाळावर हात ठेवून मी बसलो होतो आणि मनात हिशोब करत होतो, की अम्मान इथून किती तास? तिथे एका बहिणीचं घर आहे. त्या घरात पलंग असेल, डॉक्टर येत असेल. वसुधा समोर होती. तेव्हाही मी बोललो नाही. तेव्हा बोलून काय उपयोग होता, असं म्हणू का? नाही म्हणत. उपयोगासाठी खरं बोलायचं नसतं.

केरळच्या एका नर्सबाईंनी तंबू-तंबू फिरून कुठूनसं सलाइन आणलं. ऋता वाचली. आज तिला एक मुलगी आहे.

अम्मानहून विमानाने मुंबई, मुंबईहून बसने मिरज. खंबाटकी घाटात मी डोळे मिटून पुढच्या सीटचा दांडा धरून बसलो होतो. वसुधाने ते बघितलं. "तुम्हाला घाटात त्रास होतो का हो?" तिने विचारलं. इतकं साधं, इतकं मायेने. बघा, दार तिनेच उघडून दिलं होतं. मी म्हणालो, "छे, दमलोय."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "कधी बोलला नाहीत म्हणून विचारलं. तसं असतं तर आपण आगगाडीने गेलो असतो की. मला गाडीचं काय? डोंगर बघायचे होते."

मिरजेत पाहुण्यांची रीघ लागली. प्रत्येकाला वसुधा ती गोष्ट सांगायची, चिकटपट्टीच्या कॅरव्हॅनपासून. आणि मग: "त्या माणसाने सही केली नाही, नाहीतर आम्ही सुटलो असतो." आलेले लोक अबू हानींना शिव्या देत. मी चहा पीत बसलेला असे. सासूबाई — ठणठणीत — पोळ्या वाढत म्हणत, "असतात एकेक मेले."

पुढच्या वर्षी, एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात, मिरजेच्या पत्त्यावर अम्मानचं पत्र आलं. माझा घरचा पत्ता त्यांच्याकडे होताच. पत्र आम्हा दोघांच्या नावाने होतं, आणि दुर्दैवाने ते वसुधाने फोडलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तिला वाचताना पाहत होतो. आता संपलं, असं वाटलं.

ती रडायला लागली. पत्र माझ्याकडे दिलं.

अबू हानींनी लिहिलं होतं की कुवेत मोकळं झालं, पण पॅलेस्टिनी इराकच्या बाजूचे असं ठरवून त्यांच्या लोकांना आता परत येऊ देत नाहीत. नोकरी गेली, घर गेलं. ते तक्रार करत नव्हते, जसं घडलं तसं सांगत होते. मुलगी कशी आहे, हे तीनदा विचारलं होतं. आणि शेवटी वसुधासाठी: "त्या रजेबद्दल मी अनेकदा विचार केला. वरच्या जागेवर बसणाऱ्याने कुटुंबांचा विचार करायला हवा. मी केला नाही. जमल्यास क्षमा करा."

कळतंय ना तुम्हाला? मिरजेत ते पत्र कोण फोडेल, हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणून कागदावरही त्यांनी माझं खोटं सांभाळलं. सगळं गमावलेल्या माणसाने, तसल्या दिवसांत, त्याची आठवण ठेवली.

"किती वाईट बोलले मी त्यांना," वसुधा म्हणाली. "दारात आलेल्या माणसाला. पीठ घेऊन आले होते हो." त्या दिवसापासून पाहुण्यांना सांगायच्या गोष्टीतला तो भाग तिने गाळला.

ऑक्टोबरमध्ये मला कुवेतला परत बोलावणं आलं. वसुधा आणि ऋता मागे राहणार होत्या. निघताना तिने माझ्या हातात एक पाकीट दिलं. अबू हानींना लिहिलेलं पत्र. मुंबईहून टाका, म्हणाली, परदेशी टपाल तिथून लवकर जातं.

बसमध्ये मी ते फोडून वाचलं. इंग्रजीत चार पानं, तिच्या त्या वळणदार अक्षरात. लिहिलं होतं की मी रागात अंध झाले होते, क्षमा मीच मागते. ऋता बरी आहे, उंच झाली आहे. तुम्ही त्या दिवशी आमच्या चौकोनात वाकून शिरलात, ते आठवून आम्ही दोघी हसतो. आणि एक प्रश्न होता — त्या वेळी कारखान्यात असं काय काम होतं, हे सांगाल का? रागाने विचारत नाही, समजून घ्यायचंय. उत्तर यांच्या कुवेतच्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा.

त्या एका प्रश्नाचं काय उत्तर आलं असतं? त्यांनी माझ्यासाठी आणखी एक खोटं रचलं असतं, हे मला आज समजतं. तेव्हा मात्र मला एवढंच दिसलं, की या दोघांची पत्रं सुरू झाली तर एक दिवस सगळं बाहेर येईल. विमानतळावर आत शिरण्याआधी एक कचऱ्याचा डबा होता. मी पत्राचे तुकडे केले आणि त्यात टाकले. भर दुपारी, माणसांच्या गर्दीत. अबू हानींचं पत्र मी आधीच 'जपून ठेवतो' म्हणून तिच्याकडून घेतलं होतं, पत्ता त्यावरच होता. तेही टाकलं.

कुवेतला उतरलो तेव्हा इराक्यांनी पेटवलेल्या तेलविहिरींचा धूर अजून आकाशात होता. दुपारी दिवे लावायला लागायचे. प्रयोगशाळेत अबू हानींच्या खुर्चीवर दुसरं कुणी होतं. मी कामाला लागलो.

दर शुक्रवारी फोनवर वसुधा विचारायची, "आलं का हो उत्तर?" मी म्हणायचो, नाही. जॉर्डनचं टपाल नीट नाही म्हणतात. एकदा म्हणाली, पुन्हा लिहू का? पत्ता पाठवा. मी म्हणालो, सामानात कुठेतरी गेला. हळूहळू तिने विचारणं कमी केलं. पुढच्या वर्षी ती आणि ऋता परत आल्या, मंगफलाच घर घेतलं, दुसरं. एका संध्याकाळी गच्चीवरचे कपडे काढताना ती अगदी शांतपणे म्हणाली, "त्यांनी मला माफ केलेलं नाही. बरोबरच आहे त्यांचं."

मी कपड्यांची टोपली उचलून खाली आणली.

त्यानंतर तो विषय तिने काढला नाही. पण अजूनही घरात कुणी भांडून, रागावून बोललं, नातीने आईला उलट उत्तर दिलं, की वसुधा तिला जवळ घेऊन सांगते: बोलण्याआधी थांबावं बाळा. मी एकदा थांबले नव्हते. एका भल्या माणसाला बोलले, आणि त्याने मला शेवटपर्यंत क्षमा केली नाही.

आज सकाळीही सांगितलं तिने. मी तिथेच बसलो होतो.